सर्व्हर आला का?

साडेतीन मुहूर्तांपैकी अडीच मुहूर्तांना नोंदणी कार्यालय बंद असतं. गुढीपाडवा, दसरा, दिवाळीतला पाडवा, तिन्ही सरकारी सुट्ट्या. उरली अक्षय्य तृतीया, आणि त्या दिवशी अर्ध्या पुण्याला तोच मुहूर्त हवा असतो. म्हणून घराची बोलणी मुहूर्तावर होतात, विसार मुहूर्तावर दिला जातो आणि खरेदीखत मात्र कुठल्यातरी साध्यासुध्या बुधवारी उरकावं लागतं. सासूबाईंच्या अटी तीनच होत्या. अमावस्या नको, पितृपक्ष नको, पालखीचा दिवस नको.

०

तिसरी अट कळायला विश्रांतवाडीत राहायला हवं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती दिघी, कळस, विश्रांतवाडी, फुलेनगर अशी आळंदी रस्त्यानं. त्या दिवशी हा रस्ता वारकऱ्यांचा. टेंपो काय, साधी स्कूटर चौकापर्यंत नेता येत नाही. एजंटानं पहिल्यांदा सुचवलेली तारीख नेमकी तीच होती. त्याच्या मोबाईलमधल्या कॅलेंडरात पालखी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी आपल्याकडे चहाचं पातेलं असतं. घर काय, दुसऱ्या दिवशी घेता येईल."

०

पत्ता विश्रांतवाडीचा, पण खतात मौजे धानोरी, तालुका हवेली. पिझ्झा मागवायला एक गाव, मालकी सांगायला दुसरं. मसुद्यात आमचा आद्याक्षरांसकट उल्लेख 'लिहून घेणार' आणि घर विकणाऱ्या काका-काकूंचा 'लिहून देणार'. लिहितं मात्र वकीलबाईंच्या ऑफिसातला एक मुलगा, जुन्या फाईलवर नवी नावं टाकून. म्हणून मसुदा वाचायचाच. आमच्या मसुद्यात चतुःसीमेच्या उत्तरेला दुसऱ्याच कुणाचा तरी ओढा वाहत होता.

०

साखळी लिहून ठेवते, म्हणजे त्या दिवशी कोण कुणासाठी अडलं होतं ते कळेल.

आम्ही धानोरी रस्त्यावर भाड्यानं. आमच्या घरमालकानं पुढचं भाडेकरू जोडपं ठरवलेलं, ते नगरहून सामान घेऊन निघालेलं. आम्ही घेतोय ते घर काका-काकूंचं. काकांची हयात खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेली, निवृत्तीनंतर जिना जड जायला लागला, म्हणून ते चऱ्होलीला लिफ्ट असलेल्या इमारतीत चाललेले. चऱ्होलीचा बिल्डर शेवटचा हप्ता हातात पडल्याशिवाय किल्ली देणार नाही. तो हप्ता आमच्या डीडीतून जाणार. डीडी बँकेच्या माणसाच्या बॅगेत, आणि तो खरेदीखतावर सह्या होताना दिसल्याशिवाय बॅग उघडणार नाही. खरेदीखत सर्व्हरवर.

म्हणजे नगर, धानोरी रस्ता, विश्रांतवाडी आणि चऱ्होली इथली बिऱ्हाडं एका लाल-हिरव्या दिव्याकडे बघत बसलेली.

०

इंग्लंडात रेडिंगला राहणाऱ्या मामेबहिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे तर या साखळीला नावच आहे, चेन. तिकडे घर विकणारा त्याच दिवशी पुढचं घर घेतो, त्याचा विकणारा त्याच्या पुढचं, आणि पैसे सकाळपासून एका वकिलाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात सरकत जातात. करारात वेगळी वेळ लिहिली नसेल तर दुपारी दोनपर्यंत पैसे पोचले पाहिजेत. नाही पोचले तर व्याज लागतं. मग दुसरी बाजू नोटीस देते, आणि त्या नोटिशीनंतर कामाचे दहा दिवस मिळतात. बहुतेकांना शुक्रवार हवा असतो, शनिवार-रविवार सामान लावायला मिळतो म्हणून. त्यामुळे सगळ्या अडचणीही शुक्रवारीच येतात.

20 ऑक्टोबर 2014 ला, तो सोमवार होता, बँक ऑफ इंग्लंडची मोठ्या रकमा पाठवण्याची यंत्रणाच दिवसभर बंद पडली. इंग्लंडभर लोक भरलेल्या ट्रकांशेजारी फुटपाथवर उभे. सर्व्हर डाऊन हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही, एवढा दिलासा मला त्यातून मिळाला. तिकडच्या लोकांना निदान कुणी "उद्या या" असं तोंडावर म्हणत नाही, ते ईमेलवर कळतं.

०

पैशाचा हिशेब, पुन्हा कुणी विचारलं तर.

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के. त्यात 5 मूळ, 1 स्थानिक संस्थेचा, 1 मेट्रोचा. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी. ही सवलत 2021 पासूनची. आधी अट होती की असं घर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट 2023 मध्ये काढली. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. घर माझ्या एकटीच्या नावावर झालं. नवरा कर्जात सहअर्जदार, मालकीत नाही. 62 लाखांवर 62 हजार वाचले. नवरा म्हणाला, "म्हणजे मी या घरात बासष्ट हजारांना नाही." सासूबाई हसल्या नाहीत.

किंमत 50 लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्यानं 1 टक्का टीडीएस कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचा. हे 2013 पासून आहे, तरी निम्म्या लोकांना त्या दिवशी बाकावर बसल्यावर कळतं. विकणाऱ्याचं पॅन आधारला जोडलेलं नसलं तर तोच 1 टक्का 20 होऊ शकतो. आपण काका-काकूंचं पॅन विसाराच्या वेळीच तपासून घेतलं तर कुणी अविश्वास दाखवला असं होत नाही. खरेदीखताच्या दिवशी तेच विचारलं तर होतं.

०

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर.

टोकन सकाळचं. माहिती आधीच ऑनलाईन भरलेली, शुल्काचं चलन फाईलला लावलेलं, आधारच्या झेरॉक्सवर सह्या, जागेचा प्रॉपर्टी टॅक्स, लाईट बिल, सोसायटीचं पत्र. फाईल इतकी नीट की वकीलबाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. आणि खिडकीतल्या मुलीनं हात वर केले. "सर्व्हर नाही."

पहिला अर्धा तास लोक चिडतात. कुणीतरी मोठ्यानं म्हणतो की करोडोंचा महसूल घेता आणि साधा सर्व्हर चालवता येत नाही. सगळे मान डोलावतात, खिडकीतली मुलगी पण. दुसऱ्या अर्ध्या तासात वडापाव येतो. त्यानंतर मात्र खोलीचं वातावरण बदलतं. लोक एकमेकांचा भाव विचारायला लागतात. तुमचा स्क्वेअर फूट कितीला पडला? कार्पेट की बिल्टअप? रेरा कार्पेट? कुठल्या मजल्यावर? मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी आपल्यापेक्षा शेजाऱ्याला चारशे रुपये स्वस्त पडल्याचं ऐकलं आणि त्यानंतर ते बायकोशी बोलले नाहीत.

एजंट लोक बसत नाहीत, ते फोनवर असतात. हवेली तालुक्यातल्या कुठल्याही सह दुय्यम निबंधकाकडे आपल्या भागाचा दस्त नोंदवता येतो, त्यामुळे त्यांचं एकच चाललेलं असतं, "तिकडं चालू आहे का? तिकडं?" कुठून तरी "चालू आहे" आलं की आठ-दहा जण फाईल काखोटीला मारून रिक्षा गाठतात. तासाभरानं त्यातले बरेचसे परत येतात, आणि आल्यावर त्यांचा नंबर मागे गेलेला असतो.

बिल्डरांची पोरं सगळ्यात शहाणी. वीस-वीस दस्तांचा गठ्ठा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून झोपतात. सर्व्हर आल्याचं कुणी जाहीर करत नाही. प्रिंटर वाजतो, आणि सगळ्यात आधी ती पोरं डोळे उघडतात.

०

शेजारच्या बाकावर एक आजी व्हीलचेअरवर. नातू लोहगावहून टॅक्सी करून घेऊन आला होता, दोन मजले दोघांनी उचलून वर आणलं. वकीलबाईंनी त्याला हळूच सांगितलं की आजारी, अपंग माणसानं इथं यायची सक्ती नाही, 1908 च्या नोंदणी कायद्यातच तशी सोय आहे. अर्ज करून फी भरली की अधिकारी घरी येऊन कबुली घेतात, त्याला गृहभेट म्हणतात. नातू म्हणाला, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." आजी म्हणाल्या, "मला यायचंच होतं. घर माझं आहे, कुठं जातंय ते बघायला नको?"

०

सगळी तारांबळ ज्याच्यामुळे होते ती घाई कायद्याची नसते. हे मला वकीलबाईंकडून कळलं, आणि ते कळल्यावर पाठ बाकाला टेकली.

दस्तावर सह्या झाल्यापासून तो नोंदणीला हजर करायला चार महिने असतात. तेही उलटले तर आणखी चार महिने, दंड भरून. दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो, पण दार बंद होत नाही. शिवाय नोंदणी उशिरा झाली तरी दस्त लागू धरतात तो सहीच्या दिवसापासून, नोंदणीच्या नाही. मुद्रांक शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं असलं की झालं.

करोनाच्या वर्षी सरकारनं सप्टेंबर ते डिसेंबर 2020 शुल्क कमी केलं, तेव्हा डिसेंबर अखेरीस कार्यालयांबाहेर रात्रीपर्यंत रांगा होत्या. तेव्हाही शेवटी हाच चार महिन्यांचा नियम कामाला आला. शुल्क 31 डिसेंबरपर्यंत भरा, दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवा.

साठेखतात लिहिलेल्या मुदतीचंही तसंच. जमीन-घराच्या व्यवहारात मुदत हा व्यवहाराचा प्राण आहे असं आपोआप धरत नाहीत, ते सिद्ध करावं लागतं. चांदराणी विरुद्ध कमलराणी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ते सांगितलं. मात्र 2011 मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका निकालात असंही म्हटलं की शहरात घरांच्या किमती भराभर चढतात, तिथं हे जुनं तत्त्व पुन्हा तपासून बघायची वेळ आली आहे. मला ते पटतं. धानोरी-विश्रांतवाडीत एका वर्षात भाव असा बदलतो की विकणाऱ्याला उशीर आवडायलाही लागू शकतो. तेव्हा एका दिवसाच्या उशिरानं घाबरायचं नाही, आणि एका वर्षाचा उशीर 'चालतंय' म्हणून सोडायचा नाही.

०

कागदाला चार महिने, डीडीला तीन. (डीडी आणि चेकची मुदत 2012 पासून सहाऐवजी तीन महिने झाली.) गॅस शेगडीला मात्र संध्याकाळचे सात.

०

टेंपोंची गोष्ट.

काकांचं सामान सकाळीच भरून झालं होतं. आमचंही. दोन्ही टेंपो एकाच गेटवर, एक बाहेर तोंड करून, एक आत. काकांचा निघेना, कारण चऱ्होलीची किल्ली नाही. आमचा आत जाईना, कारण वर काकांची सून रिकाम्या घरात बसलेली आणि किल्ल्यांचा जुडगा काकूंच्या पर्समध्ये, काकू आमच्या शेजारी बाकावर. सोसायटीचा नियम असा की सामान सहाच्या आत, लिफ्ट असो नसो, जिन्याच्या कठड्याला पुठ्ठे लावून. वॉचमननं रजिस्टरमध्ये दोन्ही टेंपोंचे नंबर लिहिले आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं, सर्व्हर.

हमालांचा हिशेब साधा असतो. अर्धा दिवस वाट बघितली म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली, ती कुणीतरी द्यायची. कुणी द्यायची हे आधी ठरलेलं नव्हतं. एजंट म्हणाला, "ते नंतर बघू", म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. माझं मत असं की विसाराच्या पावतीवरच एक ओळ असावी. ठरलेल्या दिवशी दोघांच्याही हातात नसलेल्या कारणानं काम अडलं तर खोळंब्याचा खर्च निम्मा-निम्मा. लाखोंच्या व्यवहारात ही ओळ हास्यास्पद वाटते. पण घराच्या किमतीवर कुणी भांडत नाही, टेंपोच्या दोन हजारांवर भांडतात.

०

चारच्या सुमाराला प्रिंटर वाजला. आमचा नंबर येईपर्यंत सहा वाजले. तोवर बँकेचा माणूस निघून गेला होता. त्याची चूक म्हणवत नाही. त्याचंही ऑफिस आहे, बॅगेत चार जणांचे डीडी होते आणि ते रात्रभर घरी ठेवायला परवानगी नाही.

काका म्हणाले, "अहो, मी करतो सही. डीडी उद्या द्या. इतक्या दिवसांची ओळख झालीय." वकीलबाईंनी पेन काढून घेतलं. आमच्याच वकील, आणि आमच्याच फायद्याची सही त्यांनी अडवली. त्या म्हणाल्या, पूर्ण पैसे न मिळता मालकी गेली तर राहिलेल्या रकमेपुरता त्या घरावर विकणाऱ्याचा बोजा राहतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच तसं आहे. पण तो हक्क वसूल करायचा म्हणजे कोर्ट. काका, तुमचं वय काय?

मी तेव्हा मनातून चिडले होते. खाली टेंपो, नगरचा ट्रक, सगळं डोळ्यासमोर. तरी आजही वाटतं की वकीलबाईंचंच बरोबर होतं. सकाळपासून एका बाकावर बसलेली माणसं संध्याकाळी एकमेकांना घरातली वाटायला लागतात, आणि अशाच वेळी कच्चे व्यवहार होतात.

०

संशय आणि ओळख दोन्ही बाकावरच वाढतात. दुपारी अडीचला नवरा कानात म्हणाला होता, "यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं नसेल ना? मुद्दाम वेळ काढत नसतील?" सर्व्हर काकांनी बंद पाडला, असं त्याला काही क्षण खरंच वाटलं असावं. काकूंनी नंतर सांगितलं की त्याच वेळी काका त्यांना म्हणत होते, "यांचं कर्ज मंजूर आहे ना नक्की? तो बँकवाला सारखा बाहेर जाऊन फोन का करतोय?"

तो सिगारेट ओढायला जात होता.

०

त्या रात्रीची व्यवस्था. काकांचा टेंपो पार्किंगमध्ये उतरवला, सेक्रेटरींनी आपली गाडी बाहेर काढून जागा दिली, आणि ताडपत्रीही. आमचा टेंपो तसाच भरलेला उभा ठेवला, ड्रायव्हर आतच झोपला. काका-काकू रिकाम्या घरात सतरंजीवर. आम्ही भाड्याच्या घरी परत. तिथं नगरचं जोडपं पोचलेलं. ते हॉलमध्ये, आम्ही आतल्या खोलीत. त्यांची मुलगी सगळ्यांना विचारत फिरत होती की हे घर नक्की कुणाचं. सासूबाई म्हणाल्या, "आजच्या रात्रीपुरतं कुणाचंच नाही. झोप."

गुरुजींना फोन केला, उद्याचं गणेशपूजन पुढं ढकलायला. त्यांना काही नवल वाटलं नाही. "खरेदीखताच्या दुसऱ्या दिवशी मी कधीच धरत नाही," म्हणाले. "परवाचा धरूनच ठेवला होता."

०

बँकेच्या व्याजाबद्दल एक गोष्ट, वहीत ठळक.

आमच्या कर्जाचा डीडी ज्या दिवशी काढला त्या दिवसापासून व्याज सुरू झालं होतं. तो काकांच्या हातात पडला नंतर. 40 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी दिवसाला सव्वानऊशेच्या वर होतात. हे सगळीकडे असंच असतं, असं सांगण्यात आलं. असं असायला नको. रिझर्व्ह बँकेनं 29 एप्रिल 2024 च्या परिपत्रकात हेच नाव घेऊन सांगितलंय. कर्जाचा चेक ग्राहकाच्या हातात उशिरा दिला आणि व्याज मात्र चेकच्या तारखेपासून लावलं, हे गैर आहे, जादा घेतलेलं परत करा, आणि शक्य तिथं चेकऐवजी थेट खात्यात पैसे पाठवा. परिपत्रकाची प्रत काढून अर्जाला जोडली. मोठ्यानं बोलायची गरज पडली नाही. कागद ठेवला की आवाज आपोआप खाली येतो, दोन्हीकडचा.

खरं तर आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं. रात्री अकराला, रविवारी, कधीही. मग डीडीची बॅग घेऊन फिरणारा माणूस अजून का लागतो? कारण विकणाऱ्याला पैसे खात्यात दिसेपर्यंत सही करायची नसते आणि बँकेला सही झाल्याशिवाय पैसे सोडायचे नसतात. डीडी दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवता येतो. सह्या होईपर्यंत तो दिसतो, पण कुणाचाच नसतो.

०

दुसऱ्या दिवशी सगळं मिळून पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं काकांच्या अंगठ्याला.

काचेच्या डबीएवढ्या यंत्रावर डाव्या हाताचा अंगठा ठेवायचा. काकांनी ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. लाल. ऑपरेटर मुलगा म्हणाला, "जोरात दाबू नका, नुसता टेकवा." लाल. काकांनी अंगठा उलटा करून स्वतःच बघितला. लेथवर तीस-पस्तीस वर्षं काढलेला, पेराच्या मध्यावर एक आडवा जुना व्रण, आणि बाकी कातडी गुळगुळीत, रेघा जवळजवळ नाहीतच. मुलानं रुमालानं काच पुसली, अंगठा पुसायला लावला. लाल. मग तो म्हणाला, "कपाळावर घासा." काकांना ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा, "कपाळावर घासा काका, कपाळाला तेलकटपणा असतो." काकांनी भर कार्यालयात दोनदा कपाळावर अंगठा घासला, गंध लावल्यासारखा. टेकवला. हिरवा.

मागचा बाक हसला. काकूंचा अंगठा एका फटक्यात लागला. त्या म्हणाल्या, "आमच्या अंगठ्यांना भांडी घासूनही काही होत नाही."

(रेशनच्या दुकानातही हेच करतात म्हणे. ज्यांनी हातानं काम केलं त्यांचीच ओळख यंत्राला पटत नाही.)

०

दस्ताच्या शेवटी एक गोषवारा छापून येतो. त्यात सगळ्यांचे फोटो, अंगठे, आणि शिक्क्यांच्या वेळा. सादरीकरणाची वेळ, फीची वेळ, कबुलीची वेळ. तास, मिनिट आणि सेकंदासकट. आदल्या अख्ख्या दिवसाचा त्यात एक सेकंदही नाही.

०

पुढे कुणाला उपयोग झाला तर.

सामान हलवायचा दिवस आणि खरेदीखताचा दिवस वेगळे ठेवा, मधे निदान दोन दिवस. भाड्याच्या घराचं महिना अखेरपर्यंतचं भाडं भरावं लागलं तरी चालेल, ते टेंपोच्या खोळंब्यापेक्षा आणि भांडणापेक्षा स्वस्त पडतं. ताबा द्यायची तारीख खतात स्वतंत्र लिहिता येते, ताबा पावती वेगळी करता येते. सगळं एकाच दिवशी व्हायला हवं हे कुठल्या कायद्यात नाही, आपल्याच डोक्यात असतं. 31 मार्चच्या आसपासची तारीख टाळा. बाजारमूल्याचे नवे दर 1 एप्रिलपासून येण्याच्या भीतीनं सगळं पुणे त्या आठवड्यात रांगेत असतं.

विकणाऱ्यानं आधीचं कर्ज फेडलेलं असेल तर मूळ कागद कधी मिळणार, हे लेखी घ्या. 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाहीतर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सोसायटीनं हस्तांतरणापोटी मागितलेली रक्कम महापालिका हद्दीत 25 हजारांच्या वर जाऊ शकत नाही. 'बिल्डिंग फंडासाठी स्वखुशीनं' हे शब्द ऐकू आले तर कुणाच्या खुशीनं ते विचारा.

घर बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. लोहगावची सुखोई बहुतेक कामाच्या दिवशीच उडतात.

०

इंडेक्स टू हातात आला. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायला पुढची मीटिंग. महावितरणकडे नाव बदलायचा अर्ज टाकलाय, अजून बिलाचा मेसेज काकांच्याच मोबाईलवर येतो. ते तो चऱ्होलीहून लगेच पुढं पाठवतात, खाली एकच शब्द लिहून, "भरा." या महिन्यात शब्द दोन झालेत. "एसी घेतला?"